कॅमेऱ्याआधी तार तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर नुकतेच एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना, गाडीचा मागचा कॅमेरा बंद पडल्यास तो घरी बदलण्याच्या भानगडीत पडू नये, गाडी सरळ वर्कशॉपमध्ये द्यावी, असा सल्ला देण्यात आला होता. उलट हेच काम पंधरा मिनिटांत उरकते, असे छातीठोकपणे सांगणारेही पुष्कळ भेटतात. स्वतःच्या गाडीचा कॅमेरा स्वतः बदललेला आणि त्यात एकदा सपशेल फसलेला माणूस म्हणून मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. जुना कॅमेरा काढून नवा बसवणे हा या कामातला सर्वांत सोपा, आणि बरेचदा अनावश्यक, भाग आहे. खरी मेहनत बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी साधी माहिती गाडी बनवणाऱ्या कंपन्या मालकाच्या हाती देत नाहीत. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

माझ्या हॅचबॅकच्या पडद्यावर रिव्हर्स गियर टाकल्यावर कधी चित्र दिसे, तर कधी पडदा निळा पडून 'सिग्नल नाही' अशी पाटी येई. वर्कशॉपमध्ये गाडीला हातही न लावता 'कॅमेरा गेला' असे निदान झाले आणि मी ते निमूटपणे मानले. खर्च वाचवावा म्हणून मापाचा कॅमेरा विकत आणला, सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तास खपून बसवला, गियर टाकला, तर पडदा निळाच. नवा कॅमेराही खराब निघाला अशी समजूत करून घेऊन मी तो परत करायला निघणार, तोच डिकीचे दार खाली ओढताना, ते अर्ध्यावर असताना, पडद्यावर क्षणभर चित्र चमकून गेले. हे माझ्या नव्हे, पुढच्या सीटवर बसलेल्या पत्नीच्या लक्षात आले. तेव्हा पुढच्या सगळ्या शोधाचे श्रेय तिचे आहे.

मागचे दार वर उघडणाऱ्या गाड्यांमध्ये बिजागरीपाशी छपरातून दारात शिरणारी, घड्या घातलेली काळी रबरी नळी असते. नंबरप्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेवरचा हीटर, दाराचे कुलूप आणि कॅमेरा या सगळ्यांच्या तारा तिच्यातून जातात, आणि दार जितक्या वेळा उघडते-मिटते तितक्या वेळा त्या सगळ्या त्याच एका जागी वाकतात. मी ती नळी पत्र्यातून अलगद सोडवून मागे सरकवली, तेव्हा आत तारांची जुडी दिसली. वरवर पाहता त्यातली एकही तुटलेली नव्हती. मग एकेक तार दोन्ही चिमटींत धरून हलकेच ताणत गेलो. बाकीच्या ताठ राहिल्या. एक बारीक तपकिरी तार मात्र रबरासारखी लांबली, आणि तिचे आवरण मध्येच निमुळते होऊन पांढरट पडले. आतले तांबे केव्हाच तुटले होते, नुसत्या प्लॅस्टिकच्या आवरणाने दोन टोके एकमेकांसमोर धरून ठेवली होती. दार ठराविक कोनात आले की ती टोके भेटत आणि कॅमेरा जागा होई. ती तार कॅमेऱ्याच्या अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी, होती. जुना कॅमेरा ठणठणीत होता, आणि आजही तो माझ्या कपाटात तसाच पडून आहे.

अशी तार जोडण्यातही एक खुबी आहे, ती मला एका जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने सांगितली. तुटलेली दोन टोके जिथल्या तिथे पिळून, सोल्डरने (वितळवलेल्या धातूने) जोडून वर टेप गुंडाळली, तर तो जोड महिन्याभरात पुन्हा तुटतो, कारण सोल्डर शोषून ताठ झालेली तार वाकण्याच्या जागी मुळीच टिकत नाही. वाकणारा सगळा तुकडाच कापून काढावा, त्याच्या जागी अनेक बारीक धाग्यांची लवचीक तार घालावी, आणि तिचे दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक छपराच्या आत व एक दाराच्या आत, जिथे काहीच हलत नाही अशा ठिकाणी घ्यावेत. एकापेक्षा जास्त तारा जोडायच्या असल्यास जोड मागे-पुढे ठेवावेत, म्हणजे जुडी एकाच ठिकाणी जाड होत नाही. प्रत्येक जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. चिकटपट्टी उन्हाने सुटते. शेवटी रबरी नळीची कड पत्र्याच्या भोकात सगळीकडून नीट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे, नाहीतर पहिल्याच पावसात छपराचे अस्तर भिजते आणि पाणी कुठून येते हे शोधण्याचा नवाच उद्योग मागे लागतो.

सांगायचे ते असे की, कॅमेरा विकत घेण्यापूर्वी तो खरोखर बिघडला आहे की नाही हे ठरवता येते, आणि त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारे छोटे यंत्र, पुरतो. त्याआधी अर्थात भिंग ओल्या मऊ कापडाने पुसून पाहावे, कारण चिखलाच्या थराला बिघाड समजणारे लोक मी पाहिले आहेत. चित्र येते पण धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, आणि पुसूनही तसेच राहते, तेव्हा भिंगाच्या आत ओल शिरलेली असते किंवा उन्हाने भिंगावरचा लेप गेलेला असतो. अशा वेळी मात्र कॅमेराच बदलावा लागतो. चित्र मुळीच येत नसेल, किंवा येत-जात असेल, तर संशय आधी तारेवर, जोडावर आणि फ्यूजवर घ्यावा. दाराच्या आतल्या जोडणीत पाणी गेले की पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. तो डोळ्यांनाच दिसतो, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

तपासणी करताना गाडी सपाट जागी, हॅन्डब्रेक ओढून, चाकांना अडण्या लावून, इंजिन बंद ठेवून आणि फक्त इग्निशन चालू करून रिव्हर्स गियरमध्ये ठेवावी. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गियर पडत नाही, म्हणून आत एक जण बसलेला असावा. गाडीच्या मागे वाकलेला माणूस आणि रिव्हर्समध्ये असलेली गाडी हा योग किती धोक्याचा आहे हे मी वेगळे सांगायला नको. इंजिन चालू करण्याची या कामात कुठेच गरज पडत नाही. कॅमेऱ्याची जोडणी सोडवून गाडीकडून येणाऱ्या पिनांवर व्होल्टेज मोजावे. ते मिळाले नाही तर कॅमेरा निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. ते मिळाले, पण मीटरची काळी तार जोडणीतल्या अर्थऐवजी बॅटरीच्या ऋण टोकाला लावल्यावरच पूर्ण मिळाले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. मीटर लावलेला असतानाच कोणीतरी दार सावकाश वर-खाली करावे. आकडा नाचू लागला की चोर सापडला. पहिल्यांदा कॅमेरा आणायला धावण्याऐवजी मी हे दहा मिनिटांचे काम केले असते, तर तो विकत घ्यावाच लागला नसता.

मिळणारे व्होल्टेज किती, हाही प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. बाजारात मिळणारे बहुतेक कॅमेरे १२ व्होल्टचे असतात, पण काही कंपन्यांच्या मूळ कॅमेऱ्यांना पडद्याच्या यंत्रातून सुमारे ६ व्होल्टच दिले जातात. तिथे १२ व्होल्टचा कॅमेरा लावला तर तो सुरू होत नाही किंवा अंधूक चित्र देतो. उलट ६ व्होल्टच्या मूळ कॅमेऱ्याला रिव्हर्सच्या दिव्याची तार जोडली तर तो कायमचा जातो. पुष्कळ जण नव्या कॅमेऱ्याची वीज रिव्हर्सच्या दिव्यातूनच घेतात. त्यात तत्त्वतः गैर काही नाही. २१ वॉटच्या त्या दिव्यापुढे कॅमेऱ्याचा एक-दोन वॉटचा भार नगण्य असतो. मात्र मध्ये एक लहान फ्यूज हवाच. शिवाय अलीकडच्या कित्येक गाड्यांमध्ये दिव्यांना सलग प्रवाह न देता संगणक तो अतिशय वेगाने चालू-बंद करत असतो. दिव्यातल्या तापणाऱ्या तारेला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या चित्रावर आडवे पट्टे धावू लागतात. अशा गाडीत मध्ये प्रवाह सलग करणारा छोटा फिल्टर बसवावा लागतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस एकामागून एक कॅमेरे बदलत राहतो.

चित्राच्या भाषेचीही अशीच गंमत आहे. जुन्या आणि साध्या यंत्रांना पिवळ्या गोल प्लगमधून येणारा अ‍ॅनालॉग कॉम्पोझिट (सगळे चित्र एकाच तारेतून नेणारा) सिग्नल लागतो, आणि त्यातही पाल व एनटीएससी असे टीव्हीच्या चित्राचे दोन प्रकार आहेत. अलीकडचे जास्त स्पष्ट चित्र देणारे बरेच कॅमेरे एएचडी या दुसऱ्या पद्धतीचे असतात. गोंधळ असा की प्लग दोघांचाही तोच. माझ्या एका सहकाऱ्याने हौसेने एएचडी कॅमेरा बसवला आणि त्याच्या पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा दिसू लागल्या. कॅमेरा उत्तम होता, पडदाही उत्तम होता, फक्त दोघांची भाषा वेगळी होती. यंत्राच्या सेटिंगमध्ये बदलता आले तर ठीक, नाहीतर तसाच सिग्नल देणारा दुसरा कॅमेरा घेण्यावाचून गत्यंतर नसते. अनेक नव्या गाड्यांमध्ये सिग्नल डिजिटल असतो आणि रंगीत चौकोनी कुलूपबंद जोडणीतून जातो. तिथे बाजारातला कोणताही साधा कॅमेरा चालत नाही, त्याच क्रमांकाचा मूळ भाग लागतो.

मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे डावे-उजवे उलटवलेले असते, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूची वस्तू पडद्यावरही डावीकडे दिसते. समोर लावायच्या कॅमेऱ्याचे चित्र तसे नसते. एकच कॅमेरा दोन्हीकडे चालावा म्हणून उत्पादक त्याच्या केबलला बारीक तारेचा एक वेढा ठेवतात. तो कापला की चित्र उलटते, आणि असाच दुसरा वेढा कापला की पडद्यावरच्या मार्गदर्शक रेघा जातात. माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या रेघा आणि गाडीच्या यंत्राच्या रेघा एकमेकींवर पडून चित्राची जाळी झाली होती. माहितीपत्रक बारीक अक्षरांत होते, त्यामुळे नेमका वेढा कोणता याची दोनदा खात्री करूनच मी कात्री चालवली. चुकून दुसरा कापला असता तर उजवीकडचा खांब डावीकडे दिसणारा कॅमेरा पदरी पडला असता, आणि तसा कॅमेरा असण्यापेक्षा नसलेला बरा.

प्रत्यक्ष बसवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्लॅस्टिकची पाती वापरावी, पेचकस नव्हे. रंगावर आधी कागदी चिकटपट्टी लावावी. दाराच्या आतल्या आवरणाच्या दोन-तीन क्लिपा तुटणारच, हे गृहीत धरून त्या आधीच आणून ठेवाव्यात. जुनी केबल नुसती ओढून काढू नये. तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधून मग ती ओढावी, म्हणजे नवी केबल त्याच वाटेने परत नेता येते. ही एक युक्ती नसेल तर रबरी नळीतून केबल ओवण्यात अर्धा दिवस जातो. छपराच्या कडेने आणि मागच्या खांबांतून पडदा-एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखी फुगणारी पिशवी) गेलेली असते, त्यामुळे केबल तिच्या फुगण्याच्या वाटेत आडवी जाऊ देऊ नये आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. सगळी आवरणे बसवण्याआधी कॅमेरा जोडून पाहावा. हे वाक्य लिहिताना मला हसू येते, कारण मी नेमके उलटे केले होते.

त्यानंतरची एक तपासणी बहुतेक जण विसरतात. कॅमेरा बसला, चित्र आले, म्हणजे काम झाले असे होत नाही. कॅमेरा किंचित वर रोखला गेला तर बंपरच्या लगतची जागा दिसेनाशी होते, आणि नेमके तिथेच लहान मूल किंवा बसलेले जनावर असू शकते. अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनलेल्या सर्व हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नियमानुसार गाडीमागचा सुमारे ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा पडद्यावर दिसावा लागतो, रिव्हर्स गियर पडल्यापासून २ सेकंदांत चित्र यावे लागते, आणि चाचणीसाठी त्या पट्ट्यात ०.८ मीटर उंचीचे दंडगोल उभे केले जातात. हीच चाचणी मोजपट्टी, खडू आणि साधारण तेवढ्या उंचीचे एखादे पिंप वापरून घरी करता येते. गाडीमागे १, २ आणि ३ मीटरवर खडूने रेघा मारून पडद्यावरच्या रंगीत रेघांशी त्या ताडून पाहिल्या, तेव्हा माझ्या गाडीत लाल रेघ प्रत्यक्ष अंतरापेक्षा हातभर पुढे होती. कॅमेरा ज्या पट्टीवर बसतो तिच्याखाली एक पातळ चकती सरकवल्यावर ती जागेवर आली.

आपल्या सदरातला सल्ला काही गाड्यांच्या बाबतीत योग्यच आहे, हेही मान्य केले पाहिजे. चार कॅमेऱ्यांची चित्रे शिवून वरून पाहिल्यासारखे दृश्य दाखवणारी यंत्रणा असेल, तर कॅमेरा बदलल्यावर जमिनीवर ठराविक नक्षीचे पट अंथरून किंवा कंपनीच्या यंत्राने पुन्हा मापन करावे लागते. मागे येताना स्वयंचलित ब्रेक लावणाऱ्या काही यंत्रणाही याच चित्रावर विसंबून असतात. काही गाड्या नवा कॅमेरा संगणकात नोंदवल्याशिवाय स्वीकारतच नाहीत. वॉरंटीतल्या गाडीची तार कापण्यातही शहाणपण नाही. अशांनी गाडी वर्कशॉपमध्येच न्यावी. पण साधा एक कॅमेरा आणि एक पडदा असलेल्या, वॉरंटी संपलेल्या गाड्यांच्या मालकांना सरसकट तोच सल्ला देणे म्हणजे तुटक्या तारेपायी त्यांना पूर्ण संच विकत घ्यायला लावणे होय.

मागे पाहणारा कॅमेरा आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. १९५६ साली ब्यूक या अमेरिकन कंपनीच्या सेंचुरियन या प्रदर्शनातल्या गाडीत आरशाऐवजी टेलिव्हिजनचा कॅमेरा लावला होता, तेव्हा ती नवलाई होती. १९९१ साली जपानमध्ये टोयोटाच्या सोअररमध्ये तो आला, तेव्हा तो श्रीमंती थाट होता. आता तो कुठे कायद्याने सक्तीचा आहे, तर संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ साली अमलात आलेल्या १५८ क्रमांकाच्या नियमावलीत गाडी मागे घेताना मागचे दाखवणाऱ्या किंवा ओळखणाऱ्या साधनांत त्याची गणना होते. म्हणजे ब्रेकच्या दिव्याच्या पंक्तीत तो येऊन बसला आहे. मग ब्रेकच्या दिव्याचा बल्ब किती वॉटचा आणि तो कसा बदलायचा हे पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत चित्रासह छापणाऱ्या कंपन्या कॅमेऱ्याबद्दल 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा' एवढ्यावरच का थांबतात? कॅमेऱ्याला किती व्होल्ट मिळतात, कोणता फ्यूज त्याचा आहे, सिग्नल कोणत्या पद्धतीचा आहे आणि चार-पाच तारांपैकी कोणत्या रंगाची तार कशासाठी आहे, एवढे सांगायला पुस्तिकेचे अर्धे पान पुरेल. त्याच्या जोडीला मागच्या दारातून जाणारी तारांची जुडी सुटा भाग म्हणून स्वतंत्रपणे मिळाली, तर तारा कापण्या-जोडण्याचीही गरज उरणार नाही. तो भाग झिजणारच, हे ती नळी आखणाऱ्या अभियंत्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. आपल्या वाहनविषयक पानाने हा प्रश्न गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडे एकदा लावून धरावा, अशी विनंती आहे.

तोवर माझ्यापुरती सोय मी करून ठेवली आहे. गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या आहेत: लाल तार १२ व्होल्ट, फक्त रिव्हर्समध्ये, पिवळी चित्राची, कॉम्पोझिट, एनटीएससी, तपकिरी अर्थ, बिजागरीपाशी जोडलेली, फ्यूज डॅशबोर्डातल्या कप्प्यामागे, डावीकडून तिसरा.

आपला,
एक नियमित वाचक